लोहाच्या तलावाला सांडवा नसतो

सरकारी योजनांतून वाटल्या जाणाऱ्या तांदळात मार्च २०२४ पर्यंत देशभर लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले आणि जिथे धान हेच मुख्य पीक व भात हेच मुख्य अन्न आहे, त्या भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या तालुक्यात हा विषय थेट ताटापर्यंत येऊन पोहोचला. साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांमागे एक पोषक दाणा मिसळावा आणि अशा एका किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे असे प्रमाण ठरलेले आहे. दुसरीकडे, यकृतात चरबी साठलेल्या, म्हणजे ‘फॅटी लिव्हर’ झालेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या रक्तात लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन वाढलेले आढळते. त्यामुळे लोहच यकृताला बाधते की काय, ही शंका स्वाभाविक असली, तरी तिचे उत्तर सरळ ‘हो’ असे नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीन ते चार ग्रॅम लोह असते. आतड्यातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह आत येते. रोज लागणारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम मात्र जुन्या तांबड्या पेशी मोडून पुन्हा वापरले जाते. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांना पाणी सोडण्यासाठी तुडूम असते आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा असतो. शरीरातील लोहाच्या तलावाला तुडूम आहे, पण सांडवा नाही, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची कोणतीही नियंत्रित वाट शरीराकडे नाही. म्हणून सगळी मदार तुडुमाच्या राखणदारावर असते. फेरोपोर्टिन हे पेशीतून लोह बाहेर सोडणारे प्रथिन म्हणजे तुडूम, तर यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे अवघ्या २५ अमिनो आम्लांचे संप्रेरक म्हणजे त्याचा राखणदार. हेप्सिडिनचा शोध २०००-२००१ च्या सुमारास लागला आणि ते फेरोपोर्टिनला पकडून नष्ट करते हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. इतका मूलभूत कारभार विज्ञानाला इतक्या उशिरा उमगावा, ही खरोखर विस्मयाची गोष्ट आहे.

इन्सुलिन प्रतिरोधात, म्हणजे इन्सुलिन असूनही पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत त्या अवस्थेत, यकृताकडे चरबीचा ओघ वाढतो आणि सौम्य दाह सुरू होतो. दाहामुळे हेप्सिडिन वाढते, तुडूम मिटते आणि लोह पेशींतच अडकते. मोकळ्या लोहापासून, हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेने, अतिशय दाहक मूलके तयार होतात आणि ती इन्सुलिनचा संदेश आणखी क्षीण करतात. अशा रीतीने चरबी, इन्सुलिन प्रतिरोध आणि लोह परस्परांना पोसत राहतात.

या साखळीचा आरंभ केवळ लठ्ठ माणसांत होतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली : दोघांचाही वजन-उंची निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाच्या यकृतातही चरबी असू शकते, हे त्यावरून ध्यानात यावे.

जादा लोह रक्त काढून कमी केले की यकृत सुधारेल, अशी आशा बाळगली गेली होती; परंतु ऑस्ट्रेलियात ७४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतरही यकृतातील चरबी किंवा इन्सुलिन प्रतिरोध यांत फरक दिसला नाही. शिवाय फेरिटिन दाहानेही वाढते, त्यामुळे तो एकच आकडा पाहून लोहाचा निवाडा करणे चुकीचे आहे; रक्तातील लोहवाहक ट्रान्सफेरिन कितपत भरलेले आहे, हेही पाहिले पाहिजे.

विदर्भाच्या पूर्व भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, आणि याच पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला चढवलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि त्याला सांडवा नसतो. म्हणजे एकाच घरात सुनेला लोह कमी, सिकलसेलच्या मुलाला जादा आणि सासऱ्याच्या यकृतात ते अडकलेले, अशी स्थिती असू शकते.

म्हणून गरोदर स्त्रीने लोहाच्या गोळ्या भीतीपोटी थांबवू नयेत, सिकलसेलच्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्याविना त्या घेऊ नयेत, आणि फॅटी लिव्हर असणाऱ्याने फेरिटिनच्या मागे न लागता कंबरेचा घेर, साखर, दारू आणि रोजची हालचाल यांकडे पाहावे. वजन जादा असल्यास ते सात ते दहा टक्क्यांनी उतरले तर यकृतातील चरबी व दाह दोन्ही घटतात, आणि हाच उपाय आज सर्वांत भक्कम पुराव्यावर उभा आहे.