पुनरुक्ती : दोष की अलंकार?



निबंध तपासताना एकच शब्द दोनदा दिसला की आपण लाल पेनानं रेघ मारतो आणि शेजारी लिहितो, 'पुनरुक्ती टाळा'. कवितेच्या तासाला मात्र तसाच शब्द दोनदा आला तर 'किती सुंदर!' म्हणतो. लेकरांचा गोंधळ इथंच होतो. म्हणून हा फरक आधी आपल्याला स्पष्ट हवा.

कसोटी सोपी आहे. दुसऱ्यांदा आलेला शब्द काढून बघा. अर्थ, भावना, ताल यातलं काहीच कमी झालं नाही, तर तो दोष. काही कमी झालं, तर तो शब्द तिथं हवाच.

'पाणी' हाच शब्द घ्या. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा माणसं 'पाणी पाणी' करत होती. गोदावरीला पूर आला की नांदेडला आपण म्हणतो, 'घाटावर पाणीच पाणी!' शब्द तोच, आलाही दोनदाच. पण एकीकडं तहान आहे आणि दुसरीकडं पूर. यातलं एक 'पाणी' काढलं तर दोन्हींचा जोर जातो.

आता परीक्षेत विचारले जाणारे तीन शब्दालंकार पाहू.

1) अनुप्रास : एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद तयार होतो.
उदा. गोदेच्या गार घाटावर गाई गोळा झाल्या.

2) यमक : ठरावीक जागी तीच अक्षरं येतात, पण अर्थ वेगळा असतो.
उदा. उन्हानं करपला गावचा माळ,
फुलंच नाहीत, ओवू कशी माळ?
पहिला 'माळ' म्हणजे उजाड रान, दुसरी 'माळ' फुलांची. एरवी नुसता शेवट जुळला तरी आपण 'यमक जुळलं' म्हणतो, पण अलंकार ओळखताना अर्थही तपासायला सांगा. नांदेडशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते 17 व्या शतकातले वामन पंडित यात इतके रमले, की 'यमक्या वामन' म्हणूनच ओळखले गेले.

3) श्लेष : शब्द एकदाच येतो, अर्थ मात्र दोन निघतात.
उदा. टँकर आला आणि गावाला जीवन मिळालं.
जीवन म्हणजे पाणी आणि जीवन म्हणजे जगणंही.

थोडक्यात, अनुप्रासात अक्षर मोजा, यमकात अर्थ ताडून बघा, श्लेषात एकाच शब्दाचे दोन अर्थ शोधा.

व्याख्या पाठ करून घेण्याआधी कविता मोठ्यानं म्हणून घ्या. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना अलंकारांची नावं कुणी शिकवली नव्हती. शब्द परत परत आला की दळणाऱ्या हाताला ताल मिळायचा आणि ओवी ध्यानात राहायची. अलंकार आधी कानाला कळतो, नाव नंतर.

पालकांसाठी घरचा एक खेळ : दिवसभरात घरात ऐकू आलेले जोडशब्द लेकरांना लिहायला सांगा. हळूहळू, जेवणबिवण, किरकिर, घरोघर... व्याकरणात यांना अभ्यस्त शब्द म्हणतात. प्रत्येकातला अर्धा भाग झाकून वाचायला लावा. काय हरवलं ते लेकरूच सांगेल. आणि पुढच्या वेळी निबंधात शब्द दोनदा दिसला, तर लाल रेघ मारण्याआधी आपणही तेच करून बघू.