हिरवं टाकू की गुलाबी? युरोपियन गाडीच्या कूलंटचा रंग नाही, नंबर बघा!

एप्रिल-मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात गाडीचं टेम्परेचर वाढलं की गॅरेजवर हमखास प्रश्न येतो, “हिरवं टाकू की गुलाबी?” गाडी स्कोडा, फोक्सवॅगन किंवा दुसरी एखादी युरोपियन असेल, तर घोळ इथूनच सुरू होतो.

कूलंट करतं काय?

कूलंट म्हणजे ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. थंड देशांत ते इंजिनातलं पाणी गोठू देत नाही. मराठवाड्यात तो प्रश्नच नाही. इथे त्याची दोन कामं महत्त्वाची: पाणी लवकर उकळू न देणं आणि इंजिनातले ॲल्युमिनियमचे भाग जपणं.

मग रंगाचं काय?

रंग म्हणजे फक्त मिसळलेला डाय. त्याचं कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. दोन कंपन्यांच्या गुलाबी कूलंटमधली रसायनं वेगळी असू शकतात. फोक्सवॅगन-स्कोडाचं जुनं ‘जी ११’ निळसर-हिरवं होतं. ते सुरुवातीच्या लाल ‘जी १२’ मध्ये मिसळलं की तपकिरी गाळ तयार व्हायचा. नंतर ‘जी १३’ आणि ‘जी १२ इव्हो’ आले. त्यामुळे बाटलीवर रंग नाही, तर ‘टीएल ७७४’ आणि त्यापुढचं अक्षर बघा. ‘जी १३’ साठी ते ‘जे’ आहे, ‘जी १२ इव्हो’ साठी ‘एल’. मर्सिडीज, बीएमडब्ल्यूचे मंजुरी क्रमांक वेगळे असतात. तुमच्या गाडीचा नंबर मॅन्युअलमध्ये सापडेल.

बोअरचं पाणी का नको?

युरोपात अनेक ठिकाणी पाणी क्षारयुक्त आहे. त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा संयोग झाला की आत पांढरा थर बसतो. म्हणून युरोपियन कंपन्यांनी कूलंटमध्ये फॉस्फेट टाळलं. जपानी गाड्यांच्या कूलंटमध्ये मात्र ते बहुधा असतं.

आता लातूरकडे बघा. २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर इथल्या घराघरांत ओळखीचा आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला, तर इंजिन तापणारच. त्यात फॉस्फेटचं कूलंट पडलं, तर धोका आणखी वाढतो.

काय करायचं?

– कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बॅटरीच्या दुकानात ते मिळतं.
– प्रीमिक्स असेल तर पाणी अजिबात घालू नका.
– इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका. वाफेने हात-तोंड भाजतं.
– अडचणीत साधं पाणी टाकावंच लागलं, तर नंतर सिस्टीम धुऊन योग्य कूलंट भरून घ्या.
– पातळी वारंवार खाली जात असेल, तर नुसतं भरत बसू नका. गळती शोधा.

आतलं कूलंट कोणतं हे माहीत नसेल, तर अंदाजाने वर भर घालण्यापेक्षा सगळं काढून नवं भरणं स्वस्त पडतं. हेड गॅस्केट गेल्यावर येणारं बिल त्याच्या कितीतरी पट असतं.