आधी नोंद, मग बंदोबस्त

मंडळी, रात्री नदीपात्रात ट्रॅक्टर घुसतात, आडव्या गेलेल्या तलाठ्याच्या अंगावर गाडी घातली जाते, की आपण विचारतो, "पोलीस कुठं होते?" ठाण्यात माणसं मोजकी, जिथले गुन्हे नोंदलेले, तिकडंच गस्त आधी वळते. १९८१ च्या झोपडपट्टीदादा कायद्यात २०१५ साली वाळूतस्करही आले. त्याखाली म्होरक्याला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पण दंड भरून गाडी सुटली नि ठाण्यात गुन्हाच नाही, तर प्रस्ताव उभा राहणार कशावर? तेव्हा सरपंच, पोलीसपाटील, एकट्यादुकट्याला पुढं करू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या. तारीख, वेळ, गाडीनंबरासह लेखी तक्रार द्या, पोच घ्या. गप्प बसलात तर वाळूमागोमाग विहिरीचं पाणीही जाईल.