नानकटाई घरची, वाटणी सगळ्यांची

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांत रोज संध्याकाळी माणसे जमतात. वंदना होते, ग्रंथवाचन होते आणि शेवटी काहीतरी खाऊ वाटला जातो. कुणी केळी आणते, कुणी खीर करते. पण बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे येतात. पुडा स्वस्त, भांडी घासायला नकोत, लहान मुले खूश. जयंतीला, वैशाख पौर्णिमेला, नामकरणाला, शोकसभेनंतरच्या चहालाही हेच चित्र असते.

बिस्किट वाटण्यात वाईट काही नाही. मात्र वर्षभर इतक्या हातांतून इतक्या मुलांच्या तोंडात जाणारी वस्तू कशाची बनली आहे, हे एकदा बघायला हवे. आणि बघितल्यावर ती आपल्याच हाताने करता येते का, हेही. आम्ही सांगतो, येते. त्यासाठी ओव्हन लागत नाही. जाड बुडाचे पातेले, झाकण आणि मंद आच पुरते.

पुडा उलटा करून वाचा

पाकिटबंद पदार्थावर घटकांची यादी छापावी लागते, आणि जे सर्वात जास्त ते सर्वात आधी, असा तिचा क्रम असतो. स्वस्त गोड बिस्किटाच्या पुड्यावर बहुधा मैदा, साखर आणि पाम तेल हीच नावे पुढे दिसतात. मैद्यात गव्हाचा कोंडा निघून गेलेला असतो. त्याबरोबर चोथा आणि बरेचसे लोहही जाते. उरते ते पटकन साखर होणारे पीठ.

दुसरी गोष्ट वनस्पती तुपाची. सगळेजण त्याला डालडा म्हणतात. १९३७ साली हे नाव भारतात आले आणि महाग तुपाला स्वस्त पर्याय म्हणून गरिबांच्या घरी कायमचे राहिले. पातळ तेलाला हायड्रोजन देऊन घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होते. हे फॅट रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून तेल, वनस्पती आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांतल्या चरबीत २ टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट असू नये, असा नियम देशात लागू आहे. नियम चांगला आहे. पण बिनछापाच्या, सुट्या, पिशवीत बांधून मिळणाऱ्या मालात काय आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. तो माल वस्तीतच सर्वात जास्त खपतो.

बेकरीच्या भट्टीची रांग

नानकटाई आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिवाळीच्या किंवा उन्हाळी सुटीच्या आधी बायका मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जात. किलोमागे भाजणावळ द्यायची, रांगेत बसायचे आणि गरम बिस्किटांचा पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन घरी यायचे. काही गावांत, वस्त्यांत ही पद्धत अजून टिकून आहे. माल आपला असल्याने त्यात काय घालायचे हे आपल्या हातात असते. हाच तिचा सर्वात मोठा गुण आहे. आता फक्त मालात बदल करायचा आहे.

भट्टीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या भट्ट्यांत भंगारातले रंगवलेले लाकूड, प्लायचे तुकडे जाळले जातात. त्यांचा धूर शेजारच्या घरांतच शिरतो. मुंबईतल्या बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, तो याच धुरामुळे. म्हणून भाजायला देताना भट्टी कशावर चालते ते विचारा. आपला माल आहे, विचारायचा हक्कही आपलाच आहे.

घरच्या घरी नानकटाई

हे प्रमाण २८ नगांचे आहे. घरी वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातून मोजून आणा.

साहित्य: गव्हाचे पीठ १५० ग्रॅम (रेशनच्या गव्हाचे चालते), नाचणीचे पीठ १०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, लागल्यास २-३ चमचे दूध.

नाचणी, म्हणजे काही भागांत नागली, मिळाली नाही तर ज्वारीचे पीठ घ्या. नाचणीत किंवा ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. नुसत्या नाचणीची नानकटाई हातात घेताच भुरभुरते, म्हणून गहू सोबत ठेवायचा. बेसन आणि नाचणी कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटे भाजून पूर्ण गार करा. कच्चट वास जातो.

तूप घट्टसर असावे. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने दहा मिनिटे फेटा. ते हलके आणि पांढरट झाले की सगळी पिठे, बेकिंग पावडर, मीठ, वेलची एकत्र चाळून त्यात मिसळा. कणकेसारखे मळू नका, मळले की नानकटाई चिवट होते. गोळा नुसता एकत्र आला पाहिजे. येत नसेल तर चमचा-चमचा दूध घाला. लिंबापेक्षा लहान गोळे करून हलके चपटे करा.

आता भाजणे. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन वाट्या जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली बारीक वाळू पसरा. वर स्टँड किंवा पालथी स्टीलची वाटी ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्या. तूप लावलेल्या ताटलीत गोळे दोन बोटांचे अंतर सोडून मांडा, ताटली आत ठेवा, झाकण घट्ट लावा आणि आच मंद करा. २० ते २५ मिनिटे लागतात. नाचणीमुळे रंग आधीच तपकिरी असतो, तेव्हा वरून पाहून कळत नाही. खरपूस वास सुटला आणि एक नग उलटून तळ हलका लालसर दिसला की झाले. गरम असताना नानकटाई मऊच लागते, गार होताना कडक होते. कडक होण्याची वाट बघत आचेवर ठेवली तर करपते.

हे कुकरमध्ये करायचे असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग काढूनच करा. तापलेल्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये पाणी ओतू नका, वाफेने हात भाजतो. खोली लहान असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलांना लांब बसवा.

तूप परवडत नसेल तर १०० ग्रॅम शेंगदाणा तेल आणि ५० ग्रॅम तूप असे घ्या. नानकटाई थोडी ठिसूळ होईल, चव चांगली लागेल. पण भजी-वडे तळून उरलेले तेल यात वापरू नका.

घरचे म्हणजे हलके नव्हे

इथे आम्हाला हिशेब मांडलाच पाहिजे. वरच्या प्रमाणात एका नानकटाईत साधारण साडेतीन ग्रॅम साखर आणि साडेपाच ग्रॅम तूप असते, आणि जवळपास १०० कॅलरी. म्हणजे एका लहान चपातीएवढी ऊर्जा एका घासात. तूप घरचे असले तरी तीही संपृक्त चरबीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चहाच्या चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. दोन नानकटाया आणि दोन चमचे साखरेचा चहा एवढ्यात त्यातली १७ ग्रॅम संपते. म्हणून प्रमाण लक्षात ठेवा: एका वेळी दोन, आणि रोज नाही.

मग घरी करून मिळाले काय? मैद्याऐवजी चोथा असलेली पिठे मिळाली. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, तेवढे दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही. बेसनाची प्रथिने मिळाली. साखर नेहमीच्या नानकटाईपेक्षा कमी झाली. शंकास्पद चरबी, रंग आणि सुगंधी द्रव्ये टळली.

मधुमेह असलेल्यांसाठी साखरेऐवजी गूळ घालून भागत नाही. गूळही रक्तातली साखर वाढवतोच. त्यांच्यासाठी याच पिठांची खारी बिस्किटे करा. साखर वगळा, तूप १०० ग्रॅम घ्या, अर्धा लहान चमचा मीठ, जिरे, ओवा, तीळ घाला आणि चार-पाच चमचे दह्याने गोळा बांधा. लाटून शंकरपाळ्यासारखे कापा आणि तसेच भाजा. पिठाने साखर वाढतेच, तेव्हा इथेही दोन-तीनच. रक्तदाब असेल तर मीठ आणखी कमी करा.

चहा-बिस्किट हे जेवण नव्हे

या पानावर आम्हाला सर्वात कळकळीने सांगायचे आहे ते हेच. सकाळी आई सहाला कामावर निघते, मुलाच्या हातात पाच रुपयांचा पुडा आणि कपभर चहा. दुपारी भूक लागली की पुन्हा पुडा. वर्षाच्या आतल्या बाळालाही चहात बुडवलेले बिस्किट भरवले जाते, कारण ते पटकन विरघळते आणि बाळ गप्प बसते. बाळाचे पोट मूठभर. ते साखर-मैद्याने भरले की वरण-भाताला जागा राहत नाही. चहातली द्रव्ये अन्नातले लोह शरीराला घेऊ देत नाहीत, हे त्याहून वाईट.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हा आकडा एकट्या बिस्किटाने झालेला नाही आणि नाचणीच्या नानकटाईने तो खाली येणारही नाही. त्याला डाळ, पालेभाज्या, अंडी, मासे-मटण, जेवणात लिंबू किंवा आवळा, आणि अंगणवाडीतून, आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या लागतात. पण पोट भरण्याचे काम बिस्किटावर सोपवणे आजपासून थांबवता येते.

म्हणून घरची नानकटाईसुद्धा खाऊ म्हणूनच द्या, जेवण झाल्यावर. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना साखरेचा कोणताही खाऊ नको. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा. मुलांना चहा न दिलेलाच बरा.

विहारासाठी करताना

१४० माणसांना प्रत्येकी दोन द्यायच्या तर २८० नग लागतात, म्हणजे वरच्या प्रमाणाच्या दहापट: पिठे मिळून ३ किलो, तूप दीड किलो, पिठीसाखर १ किलो. महिला मंडळातल्या एका घरावर हा भार नको. एका घराने गहू द्यावा, दुसऱ्याने नाचणी, दोघांनी मिळून तूप. पातेल्यात एका वेळी सहा-सातच मावतात, त्यामुळे एवढ्या मोठ्या घाण्याला बेकरीची भट्टीच परवडते. पीठ आपण भिजवून न्यावे, ट्रे स्वच्छ आहे का बघावे आणि ट्रेला डालडा न लावता आपलेच तूप लावायला सांगावे.

फेटणे, चाळणे, डबे वाहणे यांत पुरुषांनी आणि तरुण मुलांनी उतरावे. समतेची भाषा आपण सभेत बोलतो, परातीजवळही ती दिसली पाहिजे.

एप्रिल-मेच्या उन्हात खीर काही तासांत आंबते. नानकटाई पूर्ण गार करून कोरड्या घट्ट डब्यात भरली तर पंधरा दिवस टिकते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला जाणाऱ्यांच्या शिदोरीत ती भाकरी-चटणीबरोबर बसते. खवट वास आला तर मात्र टाकून द्या. वाटताना वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, छपाईची शाई अन्नाला लागते. स्टीलची ताटे किंवा धुतलेली पाने चांगली. शेंगदाण्याचे कूट किंवा दूध घातले असेल तर आधी सांगा, काहींना ते सोसत नाही.

वाटून झाल्यावर डब्यात काही नग मुद्दाम राखून ठेवा. जे विहारात येऊ शकत नाहीत, अंथरुणावरची आजी, एकटे राहणारे बाबा, नुकतीच बाळंत झालेली लेक, टीबीचे औषध चालू असलेला शेजारी, त्यांच्या दारात ते पोचवा. आजारी माणसाकडे नुसते विचारपूस करायला जाताना आपण संकोचतो. हातात डबी असली की बसणे होते, गोळ्या वेळेवर घेता का, दवाखान्यात कधी गेला होता, हे विचारणे होते. पुढच्या पौर्णिमेला तुमच्या वस्तीत एक घाणा करून बघा, आणि त्यातला पहिला डबा अशाच एखाद्या घरी न्या.