मुलाच्या छातीत गाठ आली तर

“सिस्टर, पोराच्या छातीत गाठ आलीय. कॅन्सर तर नसेल ना?” वस्तीतल्या आया हे मला हळू आवाजात, बाजूला घेऊन विचारतात. मुलगा स्वतः सहसा विचारत नाही. तो भर उन्हाळ्यात बनियनवर शर्ट आणि त्यावर जॅकेट घालतो, खेळाच्या तासाला पोट दुखतं म्हणतो, नळावर उघड्याने अंघोळ करायची बंद करतो.

डॉक्टरी भाषेत याला गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्या छातीतही निप्पलमागे ग्रंथीचा थोडा अंश जन्मापासून असतो. पुरुषाच्या शरीरात बाईचं हार्मोनही थोडं असतंच. वयात येताना दोन्हींचं प्रमाण काही काळ वरखाली होतं आणि हा अंश फुगतो. 12 ते 14 च्या वयात जवळपास निम्म्या मुलांना हे कमीजास्त होतं. कधी आधी एकाच बाजूला येतं. निप्पलमागे नाण्याएवढी, रबरासारखी चकती हाताला लागते, दाबली की दुखते. बहुतेक मुलांची ही चकती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. त्यामुळे मुलगा बाईसारखा होत नाही, या साध्या वाढीने त्याच्या पुढच्या संसारावरही परिणाम होत नाही. हे त्याला बापाने किंवा मोठ्या भावाने एकदा नीट बसवून सांगावं. मित्र चिडवतात तेवढं पुरे आहे, घरात तरी कोणी हसू नये.

आता चकती आहे की नुसती चरबी, हे ओळखायचं कसं? मुलाला उताणं झोपवा. त्यानेच अंगठा आणि बोट निप्पलच्या दोन्ही बाजूंना ठेवून हळूहळू जवळ आणावं. मध्ये घट्ट चकती अडली तर ती ग्रंथी. काहीच अडलं नाही, सगळं मऊ लागलं तर चरबी. चरबी असेल तर पाव-वडा, कोल्ड्रिंक कमी करून आणि रोज धावून ती उतरते. ग्रंथी मात्र जोर-बैठकांनी जिरत नाही, उलट खालचा स्नायू वाढला की ती जास्त उठून दिसते. क्रीम, तेल, चूर्ण यांनीही जिरत नाही. छाती कापडाने आवळून बांधली तर घामोळं येतं आणि दम लागतो, बाकी काही नाही.

वीस-बावीसच्या पोरांची गोष्ट वेगळी. त्यांना आधी विचारा, जिममध्ये सुई घेतोस का? अंग लवकर भरावं म्हणून स्टेरॉइडच्या सुया आणि गोळ्या दिल्या जातात. हे बाहेरून घेतलेलं पुरुषी हार्मोन जास्त झालं की शरीर त्यातलं काही बाईच्या हार्मोनमध्ये बदलतं आणि छातीत गाठ धरते. शिवाय वृषण आपलं काम कमी करतात, ते लहान होतात. दंड फुगवायला गेलेला मुलगा असा दुहेरी फसतो. रोजच्या दारूने लिव्हर खराब झालं तरी छाती वाढते. थायरॉइड आणि किडनीच्या आजारातही वाढू शकते. काही औषधांनीही हे होतं: मानसिक आजारातलं रिस्पेरिडोन, अंगावरची सूज उतरवायचं स्पायरोनोलॅक्टोन, क्वचित टीबीची आयसोनियाझिड. पण म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. टीबीचा कोर्स तर मध्ये सोडायचाच नाही. डॉक्टरांना सांगा, बदल करायचा तो ते करतील.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट बघू नका. गाठ दगडासारखी कडक किंवा निप्पलपासून बाजूला आहे, निप्पलमधून रक्त किंवा पाणी येतं, त्वचा आत ओढली जाते, काखेत गाठ आहे, वृषणात गाठ लागते किंवा वृषण फारच लहान आहेत, वयात यायच्या आधीच छाती वाढली किंवा ती झपाट्याने वाढते आहे. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, पण फार कमी. स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये पुरुषाचा साधारण एक, आणि तोही बहुधा उतारवयात. अशा खुणा असल्या की डॉक्टर रक्तातली हार्मोन, लिव्हर, किडनी, थायरॉइड तपासतात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी सांगतात. वृषण तपासायला मुलं लाजतात, पण ती तपासणी टाळू नये.

गाठ नवी आणि दुखरी असेल तर काही डॉक्टर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या काही महिने देतात. ते डॉक्टरांनी बघूनच द्यायचं औषध आहे, मेडिकलमधून मागून घ्यायचं नाही. वर्ष-दोन वर्षं झाली की गाठ आतून घट्ट होते, मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा उरतं ऑपरेशन, तेही शक्यतो अठरा वर्षांनंतर, वाढ थांबल्यावर. निप्पलभोवतीच्या काळ्या गोलाच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात, चरबी नळीने खेचतात. नंतर चार ते सहा आठवडे घट्ट बंडी घालावी लागते आणि ओझं उचलायचं नसतं. हमाली किंवा सेंट्रिंगचं काम असेल तर तेवढ्या दिवसांच्या रोजीचा विचार आधी करा. रक्त साचणं, निप्पल बधिर होणं, खळगा पडणं हे होऊ शकतं, तेही आधीच विचारून घ्या.

लष्कर आणि निमलष्करी दलाच्या भरतीत वैद्यकीय तपासणीला यावर बोट ठेवलं जातं. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने मैदान मारल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच दाखवावं.

भिंतीवरच्या ‘अर्ध्या तासात, बिनटाक्याचं, हप्त्याने’ या जाहिरातींकडे जाऊ नका. निदान ऑपरेशन करणारा एम.एस. किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, भूल कोण देणार, हे तोंडावर विचारा. जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी मोफत आहे, तिथे सर्जरीच्या ओपीडीत जा. ऑपरेशनची गरज पडली तर मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल इथे सर्जन आहेत. जनआरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. जाताना मुलगा घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जिमच्या पावडरचा डबा सोबत न्या. आणि तपासताना डॉक्टरांना मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलू द्या, सुईचं तो आईसमोर सांगणार नाही.