प्योंगयांगची रात्र आणि दहा पिनांचा खेळ

प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या ऊंसाच्या मुलखांत, राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा येथें, दिवस मावळल्यावर करमणुकीसाठीं कोणाची परवानगी काढावी लागत नाहीं. मुलें सात चपटे दगड एकावर एक रचतात, चेंडूनें ती लगोरी फोडतात आणि ती पुन्हां रचण्यासाठीं धांवतात. वडीलधारी मंडळी पारावर किंवा चहाच्या दुकानापुढें बसतात. ज्याला उठावेंसें वाटेल तो उठून जातो. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं, तिला स्वातंत्र्य म्हणण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु लगोरीच्याच कुळांतला एक खेळ जगांतील एका राजधानींत रात्रीची मोठी चैन ठरला आहे, आणि तेथें ह्या साधेपणाची किंमत कळून येते.

ती राजधानी म्हणजे उत्तर कोरियाचें प्योंगयांग शहर. सुमारें तीस लाख वस्तीच्या ह्या शहरांत राहण्यास सरकारची अनुज्ञा लागते. १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्य लयास गेलें आणि तेथून मिळणारें स्वस्त तेल बंद झालें; त्यानंतर पूर व दुष्काळ येऊन देशावर भीषण उपासमारीचा प्रसंग गुदरला. विजेची टंचाई तेव्हांपासूनची. उपग्रहांनी रात्रीं घेतलेल्या छायाचित्रांत दक्षिण कोरिया दिव्यांनी झगमगतांना दिसतो. उत्तरेकडे मात्र बहुतेक काळोख, आणि त्यांत राजधानीचा एक ठिपका.

अशा शहरांत परदेशी पाहुण्यानें रात्र घालवावी कशी? २०२० पूर्वीं पुष्कळ प्रवाशांना तेदोंग नदीच्या एका बेटावरील यांगाकदो नांवाच्या उंच हॉटेलांत उतरवीत. बेटावर फिरण्याची मुभा असे, पण मार्गदर्शकावांचून पूल ओलांडण्याची नसे. त्यामुळें जेवण आटोपल्यावर हॉटेलच्या तळघरांतील बोलिंगच्या पट्ट्या गांठावयाच्या, किंवा मार्गदर्शकांबरोबर मोटारींतून ‘गोल्डन लेन’ नांवाच्या मोठ्या बोलिंगगृहांत जावयाचें, असा रात्रीचा विहार असे. हें गृह १९९४ सालीं, म्हणजे टंचाईच्या ऐन दिवसांत उघडलें.

बोलिंग म्हणजे क्रिकेटांतील गोलंदाजी नव्हे. साठ फूट लांब आणि सुमारें साडेतीन फूट रुंद अशा गुळगुळीत पट्टीच्या शेवटीं बाटलीच्या आकाराच्या दहा खुंट्या त्रिकोणांत उभ्या असतात. त्यांना पिन म्हणतात. प्रत्येक पिन पंधरा इंच उंच. चेंडूला अंगठा व दोन बोटें घालण्यासाठीं तीन भोंकें असतात. त्याचें वजन अधिकांत अधिक सोळा पौंड. प्रत्येक डावाला दोन संधि, असे दहा डाव. पहिल्याच चेंडूंत दहाहि पिना पडल्या तर पुढील दोन चेंडूंचे गुण त्यांत मिळवितात. म्हणून सर्व नेम अचूक साधणाऱ्याची बेरीज तीनशें होते. चुकलेला चेंडू कडेच्या पन्हळींत जातो आणि एकहि गुण मिळत नाहीं.

लगोरी फोडणारेच ती पुन्हां रचतात. बोलिंगमध्यें मात्र खेळणारा निराळा आणि रचणारा निराळा. अमेरिकेंत पूर्वीं पट्टीच्या टोकाला गरीब मुलें बसलेलीं असत. चेंडू येऊन आदळला कीं खालीं उडी टाकून पिना उभ्या करावयाच्या व चेंडू परत पाठवावयाचा, हेंच त्यांचें काम. त्यांची जागा घेणारें यंत्र १९४६ सालीं लोकांपुढें आलें आणि १९५२ पासून त्याचा सर्रास वापर सुरू झाला. तेव्हांपासून हा खेळ पूर्णपणें विजेच्या हातीं गेला. वीज गेली कीं पिना उठत नाहींत, चेंडू परतत नाहीं.

प्योंगयांगच्या बोलिंगगृहाचें रहस्य नेमकें येथें आहे. उजळलेल्या पट्ट्या आणि अखंड चालणारीं यंत्रें हें केवळ करमणुकीचें साधन नव्हे. आमच्या राजधानींत कांहीं कमी नाहीं, हें सांगण्याची ती एक रीत आहे. तेथें खेळणारीं स्थानिक माणसें केवळ पाहुण्यांना दाखविण्यासाठीं आणून बसविलेलीं असतात, अशी शंका पुष्कळांनी घेतली. परंतु प्रवाशांनी पाहिलेली साधी गोष्ट अशी, कीं शेजारच्या पट्टीवरील कोरियन मनुष्याचा चेंडू पन्हळींत गेला कीं तोहि हंसतो आणि त्याचे सोबतीहि हंसतात. मनुष्याला आणून बसवितां येतें. हंसूं आणून बसवितां येत नाहीं. भाषा, पहारा आणि संशय यांच्या पलीकडे दोन अनोळखी माणसें एकमेकांच्या नेमाला टाळी देतात, अशी जागा त्या शहरांत दुर्मिळच.

२०२० च्या जानेवारींत देशानें आपल्या सरहद्दी बंद केल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत प्रथम रशियन प्रवाशांना पुन्हां प्रवेश मिळाला. यावरून एवढें ध्यानांत येतें कीं, तेथील रात्रीची करमणूक हीहि सरकारनें उघडावी आणि सरकारनेंच मिटावी अशी वस्तु आहे.

प्रकाश कोणाला आणि केव्हां मिळावा, हा प्रश्न प्रवरेच्या कांठींहि अनोळखी नाहीं. शेतपंपाला रात्रपाळीची वीज आली कीं ऊंसाला पाणी देण्यासाठीं शेतकरी बॅटरी घेऊन निघतो, आणि सापाची व बिबट्याची धास्ती मनांत बाळगीत बांधावर उभा राहतो. शहरांतील दिवे त्यालाहि दुरूनच दिसतात. भेद आहे तो हा, कीं त्याला त्याबद्दल मोठ्यानें कुरकुर करतां येते, मोर्चा काढतां येतो, दिवसां वीज द्या म्हणून मागतां येतें. सायंकाळीं अंगणांत फुटणाऱ्या लगोरीला यंत्र लागत नाहीं, दिवा लागत नाहीं, परवाना तर नाहींच. ज्या घरांतून मुलांना ‘आतां पुरे, आंत या’ अशी हांक मारणारी केवळ आईच असते, त्या घरानें आपली संध्याकाळ सामान्य समजूं नये.