आकाशांतून पडलेल्या वस्तूचा धनी कोण?

शके १९४४ चा गुढीपाडवा, म्हणजे २ एप्रिल २०२२. संध्याकाळीं पावणेआठाच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि मध्यप्रदेशाचा कांहीं भाग येथील लोकांना आकाशांत एक विलक्षण देखावा दिसला. जळत्या मशालींची जणूं एक रांगच आभाळाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत होती. उल्का क्षणांत विझून जाते. ही मिरवणूक मात्र सावकाश पुढें जात राहिली. सणाच्या दिवशीं घराबाहेर असलेल्या हजारों माणसांनीं ती पाहिली आणि पाहून सोडून दिली.

चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्याला ती तशी सोडून देतां आली नाहीं. लाडबोरी या गांवीं सामुदायिक जेवणाची तयारी चालू असतां एक तांबडें लाल कडें मोठा आवाज करून मोकळ्या जागेंत आदळलें. आतां स्फोट होईल या भीतीनें माणसें घरांत शिरलीं आणि सुमारें अर्धा तास बाहेर आलीं नाहींत. कडें निवाल्यावर पाहिलें, तों त्याचा व्यास सुमारें तीन मीटर, आणि वजन चाळीस किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशीं पवनपार या गांवाच्या परिसरांत धातूचा एक गोळा सांपडला. पोलिसांनीं या वस्तू ताब्यांत घेतल्या. पुढें इस्रोच्या शास्त्रज्ञांनीं येऊन त्या तपासल्या. सुदैवानें कोणासही इजा झाली नाहीं.

सुदैव हा शब्द येथें अक्षरशः खरा आहे. सिंदेवाही हा भाताचा आणि जंगलाचा मुलूख. चैत्रांत बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, आणि पहांटेपासून बायकामुलें मोहफुलें वेंचण्यास रानांत गेलेलीं असतात. तेथील माणूस वाघाची चाहूल घेत वावरतो. वरून लोखंड पडेल अशी चाहूल घेण्याची संवय त्याला नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं. ज्या उद्योगांत त्याचा कांहींच भाग नाहीं, त्या उद्योगाचा उरलेला तुकडा त्याच्या दारांत पडला, तर जबाब कोणी द्यावयाचा, हा या प्रसंगानें उभा केलेला प्रश्न आहे.

प्रथम ती वस्तू कोणाची होती तें पाहूं. अवकाशांत जाणारा अग्निबाण एकावर एक रचलेल्या टप्प्यांचा केलेला असतो. खालचे टप्पे उड्डाणानंतर थोड्याच मिनिटांत गळून पडतात. सर्वांत वरचा टप्पा मात्र उपग्रहाबरोबर कक्षेपर्यंत जातो; त्याला तेथें सोडून दिलें, कीं याचें काम संपतें आणि रिकामें नळकांडें पृथ्वीभोंवतीं फिरत राहतें. चीनचा ‘चांग झेंग ३ बी’ हा बाण फेब्रुवारी २०२१ मध्यें सुटला होता. त्याचा तिसरा टप्पा त्या संध्याकाळीं खालीं येणार असा अंदाज होता, आणि त्याचा मार्ग महाराष्ट्रावरूनच जात होता. अमेरिकेंतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनीं ही जुळणी त्याच वेळीं दाखवून दिली. या टप्प्याचा व्यास तीन मीटरांचा. लाडबोरीच्या कड्याचें मापही तेंच.

चौदा महिने वर राहिलेली वस्तू खालीं कां आली? असा टप्पा लांबट कक्षेंत फिरत असतो. त्या कक्षेचें एक टोंक पृथ्वीपासून हजारों किलोमीटर दूर, तर दुसरें अवघें कांहींशें किलोमीटरांवर. जवळच्या टोंकाशीं हवा अत्यंत विरळ असते, पण अगदींच नसते असें नाहीं. प्रत्येक फेरींत ती हवा थोडा वेग खाते, दूरचें टोंक जवळ येत जातें, आणि अखेरीस टप्पा दाट हवेंत शिरतो. त्या वेळीं त्याचा वेग सेकंदास सात-आठ किलोमीटर असतो. पुढची हवा एकाएकीं दाबली जाऊन इतकी तापते, कीं ॲल्युमिनियम वितळून जातें, कारण त्याला सुमारें ६६० अंश उष्णता पुरते. टायटॅनियमसारख्या धातूस १,६०० अंशांहून अधिक लागते. त्यामुळें वायू दाबून भरण्याचे गोळे पुष्कळदां शाबूत खालीं येतात. आणि रुंद पण हलका भाग लवकर सुटा झाला, तर तो वरच्या हवेंतच आपला वेग गमावतो. एवढ्या उंचीवरून आलेलें कडें ओळखूं येईल अशा स्थितींत गांवांत सांपडतें, याचें मर्म हेंच.

मग आधीं सूचना कां देतां येत नाहीं? ज्याचा वेग सेकंदास साडेसात किलोमीटर आहे, तो पदार्थ एका मिनिटांत साडेचारशें किलोमीटर जातो. म्हणजे जवळजवळ नागपूर ते हैदराबाद. वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणें बदलत असल्यामुळें पतनाची वेळ मिनिटापर्यंत बिनचूक सांगणें शक्य नसतें. अंदाजांत एक मिनिटाची चूक झाली, कीं सिंदेवाहीचें संकट तेलंगणांत किंवा मध्यप्रदेशांत जाऊन पडतें.

परक्याची वस्तू आकाशांतून अंगणांत पडणें हा प्रसंग जगाला नवा नाहीं. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत जीं राष्ट्रें तटस्थ राहिलीं, त्यांना तो वरचेवर आला. आयर्लंड, स्वीडन, स्वित्झर्लंड यांच्या भूमीवर दोन्ही पक्षांचीं विमानें वाट चुकून, इंधन संपून किंवा गोळा लागून कोसळत असत. तटस्थ भूमींत शिरलेल्या सैनिकांस युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवावें, हा १९०७ सालच्या हेग येथील कराराचा नियम पायदळासाठीं केलेला होता. विमानांकरितां १९२३ सालीं निराळे नियम लिहिले गेले, पण ते कधींच अंमलांत आले नाहींत. तटस्थांनीं मग जुनाच नियम वैमानिकांस लावला.

तो नियम किती गांभीर्यानें पाळला जाई, याचें एक उदाहरण मोठें बोधप्रद आहे. नोव्हेंबर १९४१ मध्यें रोलंड वुल्फ या वैमानिकाचें ब्रिटिश ‘स्पिटफायर’ विमान आयर्लंडमधील डोनेगॉल परगण्यांत कोसळलें. त्याला कर्राग येथील छावणींत ठेवण्यांत आलें. डिसेंबरांत तो तेथून निसटून बेलफास्टला, म्हणजे आपल्याच पक्षाच्या मुलखांत, जाऊन पोहोंचला. परंतु त्याच्या वरिष्ठांनीं त्याला परत त्या छावणींत पाठवून दिलें! एका वैमानिकापेक्षां शेजारच्या राष्ट्राची तटस्थता त्यांना अधिक मोलाची वाटली.

नुकसानभरपाईचाही दाखला आहे. १ एप्रिल १९४४ रोजीं अमेरिकन विमानांनीं जर्मन शहर समजून स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन या गांवावर बाँब टाकले. सुमारें चाळीस माणसें मेलीं. अमेरिकेनें त्याच वर्षीं चाळीस लक्ष डॉलर दिले आणि अखेरचा हिशेब १९४९ सालीं पुरा केला. १९४४ च्याच जून महिन्यांत, १३ तारखेस, पीनेम्युंडे येथून चांचणीसाठीं सोडलेला जर्मन अग्निबाण भरकटून दक्षिण स्वीडनमधील बॅकेबू या खेड्यावर फुटला. स्वीडननें तुकडे गोळा केले आणि ते ब्रिटनच्या हातीं जाऊं दिले. लाडबोरीच्या कड्याचा पूर्वज शोधावयाचा झाला, तर तो या खेड्यांतील शेतांत सांपडतो.

मात्र विमान आणि उपग्रह यांत कायद्याच्या दृष्टीनें मोठा भेद आहे. विमान ज्या हवेंतून जातें, ती हवा खालच्या राष्ट्राची असते. स्वित्झर्लंड परक्या विमानास ‘येऊं नको’ असें सांगूं शके, आणि न ऐकल्यास त्यावर तोफ डागूं शके. हवेच्या पलीकडचें अवकाश मात्र कोणाचेंच नाहीं, असें १९६७ सालच्या अवकाश-करारानें ठरविलें. चीनचा तो टप्पा चौदा महिने अनेक देशांच्या माथ्यावरून गेला, पण त्यासाठीं त्याला कोणाचीही परवानगी नको होती. ज्या आकाशाला दार नाहीं, तें बंद करतां येत नाहीं. म्हणून खालच्या माणसाचें संरक्षण एकाच गोष्टींत उरतें: पडल्यानंतरचा हिशेब.

तो हिशेब दोन करारांत लिहिलेला आहे. १९६८ च्या कराराप्रमाणें ज्या देशांत वस्तू पडली, त्यानें ती सोडणाऱ्या राष्ट्रास आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांस कळवावें, आणि मागणी झाल्यास ती परत करावी. खर्च सोडणाऱ्यानें सोसावा. भूमीवर पडल्यानें मालकी बुडत नाहीं. भंगारवाल्यास विकून टाकण्याची ती वस्तू नव्हे. तिच्यांत विषारी इंधनाचा अंश असूं शकतो, म्हणून तिला हात न लावणेंच श्रेयस्कर. १९७२ चा करार त्याहून कडक आहे. भूमीवर नुकसान झालें, तर चूक कोणाची हा प्रश्न विचारावयाचाच नाहीं. ज्यानें वस्तू सोडली त्यानें भरपाई द्यावयाची. भारत आणि चीन हे दोन्ही देश या करारांनीं बांधलेले आहेत.

या कराराची परीक्षा २४ जानेवारी १९७८ रोजीं झाली. अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा सोव्हिएट उपग्रह कॅनडाच्या वायव्य भागांतील बर्फावर विखुरला. किरणोत्सर्गी तुकडे वेंचण्यास महिने लागले. कॅनडानें साठ लक्ष डॉलरांवर मागणी केली. १९८१ सालीं तीस लक्षांवर तडजोड झाली.

लाडबोरीला या करारांतून काय मिळालें? कांहीं नाहीं, कारण करार इजेची आणि मोडतोडीची किंमत करतो, भयाची करीत नाहीं. आणि इजा झाली असती तरी गांवकऱ्यास या कराराखालीं स्वतः दाद मागतां आली नसती. त्याच्या वतीनें दिल्लीनें बीजिंगकडे, तेंही एका वर्षाच्या आंत, मागणें मांडावें लागलें असतें. राष्ट्रांच्या करारांत राष्ट्रेंच बोलतात. म्हणून पडलेल्या तुकड्याची जागच्या जागीं नोंद, मोजमाप आणि जपणूक यांना फार महत्त्व आहे. पुराव्यावांचून दिल्लीही मुकी ठरेल. सिंदेवाहीस तें काम झालें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या गोष्टीची दुसरी बाजूही भारतीयांनीं विसरूं नये. जुलै २०२३ मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ग्रीन हेड गांवाच्या समुद्रकिनाऱ्यावर एक मोठें नळकांडें लागलें. तें बहुधा भारताच्या ‘पीएसएलव्ही’ बाणाचा तिसरा टप्पा असावें, असें ऑस्ट्रेलियाच्या अवकाश-संस्थेनें महिनाअखेर जाहीर केलें. सिंदेवाहीला जो प्रश्न पडला, तोच तेथील रहिवाशांस पडला. फक्त उत्तर देणारा बदलला होता.

खरा उपाय पडल्यानंतरच्या हिशेबांत नसून पडण्याच्या आधींच्या काळजींत आहे. थोडें इंधन राखून ठेवून काम संपलेली वस्तू निर्मनुष्य महासागरांत उतरवितां येते. ७ मार्च २०२३ रोजीं इस्रोनें ‘मेघा-ट्रॉपिक्स १’ हा उपग्रह पॅसिफिकवर याच रीतीनें खालीं आणला. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्पही तिनें २०२४ सालीं जाहीर केला. त्यास खर्च आहे, आणि नेलेल्या इंधनाइतकें उपग्रहाचें ओझें कमी करावें लागतें. परंतु तो खर्च बाण सोडणाऱ्यानें सोसावा हेंच न्याय्य होय. नाहीं तर तो पहांटे मोहफुलें वेंचण्यास निघालेल्या बाईच्या माथीं पडतो, आणि तिला तर बाण सुटल्याची वार्ताही नसते.